रॉकेटच्या गळ्यातला हार

रंगात केस होता.

सुंदराबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, रॉकेटची कागदी नळी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि पुन्हा एकदा तिच्यावरून बोट फिरवलं. होताच. इंचभर लांब, बारीक, पांढऱ्या रंगाच्या थराखाली झोपून राहिलेला. रंगाच्या अकराव्या हाताला आला असणार, कारण दहाव्यापर्यंत रोज सकाळी त्यांनी नळी अशीच उजेडात धरून पाहिली होती. बोट तिथेच थांबलं. भाताच्या घासात केस यावा आणि घास तोंडातच थांबावा, तसं.

दाराशी पेपर घेऊन बसलेल्या सुदामरावांनी न बघताच ओळखलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या श्वासाचा सूर त्यांना पाठ झाला होता.

"काय निघालं?"

"केस."

"मग तुझाच असंल. माझ्या डोक्यावर हाय कुठं?" त्यांनी पान उलटलं. "आणि एवढ्या वर गेल्यावर कोण बघनार? आभाळात काय इन्स्पेक्टर बसलाय?"

सुंदराबाईंनी पाण्याच्या वाटीत पॉलिश पेपरचा तुकडा बुडवला आणि अकरावा हात पुरता घासून काढायला बसल्या. सव्वीस जानेवारीला पाच दिवस होते. अकरावा पुन्हा, मग बारावा, दोन्हींना वाळायला एकेक दिवस. घाई केली नाही तर बसत होतं.

सुंदराबाईंची किळस हा अंबरनाथच्या त्या बैठ्या चाळीत चेष्टेचा विषय होता. खऱ्या घाणीचं त्यांना काही वाटत नसे. चाळीचं गटार तुंबलं आणि पालिकेचा माणूस चार दिवस फिरकला नाही, तर पदर खोचून, काठी घेऊन त्याच उतरायच्या, आणि वर येऊन हातपाय धुऊन निवांत जेवायच्या. पण वाकडी शिवण, कडेला रंग ओघळून सुकलेला दरवाजा, वरून चकचकीत आणि आतून पोचट असं काहीही दिसलं, की त्यांचं तोंड कडू व्हायचं. लग्नघरी जाऊन पाटाला लावलेलं पॉलिश नखाने खरवडून बघणारी बाई. चाळीतल्या सुना त्यांना घरी बोलवायला घाबरत.

हे सगळं आलं होतं शेडमधून. त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका सिंधी सेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागल्या. कापडाचे तागे आणि सूत गुंडाळायला लागणाऱ्या कागदी नळ्या तिथे बनत. तेलाचा हात दिलेल्या लोखंडी रुळावर खाकी कागदाची पट्टी तिरकी गुंडाळायची, मैद्याची खळ लावायची, पुन्हा पट्टी, पुन्हा खळ, आणि नळी ओली असतानाच फिरवत फिरवत रुळावरून उतरवायची. एका बाजूला बसलेल्या आठ-दहा बायका, समोर खळीची पातेली, वर तापलेला पत्रा. तिसऱ्या दिवशी खळ आंबायची. तिचा वास केसांना, पदराला, घरी पाळण्यातल्या पोराच्या दुपट्यालासुद्धा लागायचा. पुढे कितीतरी वर्षांनी कुठे आंबलेल्या पिठाचा वास आला, की सुंदराबाईंना ती शेड आठवायची आणि उगाच बरं वाटायचं.

एकदाच काय ते ओकारी यायची राहिली होती. सेठच्या भाच्याने काटकसर म्हणून आंबलेल्या खळीत ताजी खळ मिसळायला लावली. सुंदराबाई म्हणाल्या होत्या की असं चालणार नाही, नळी पोपडे धरेल. भाचा हसला होता. पंधरा दिवसांनी टेम्पोभर माल परत आला, सोललेल्या कांद्यासारखा. सेठने सगळ्या बायकांना काम थांबवायला सांगितलं, भाच्याला मधोमध उभं केलं आणि एवढंच म्हणाला, "बाई ने बोला था. तूने सुना नहीं." मग पुन्हा काम सुरू. ना बक्षीस, ना पगारवाढ. पण ते वाक्य सुंदराबाईंनी जन्मभर जपून ठेवलं, दुसऱ्या कुणी सोन्याची अंगठी ठेवावी तसं.

शेडची आणखी एक पद्धत त्यांच्या अंगात मुरली होती. नव्या मालाची पहिली चांगली नळी निघाली, की तिच्यासारखीच दुसरी करायची, आतल्या बाजूला पेन्सिलीने आपला नंबर घालायचा आणि ती दोरीने आढ्याला टांगून ठेवायची. हा नमुना. गिऱ्हाइकाने उद्या खोट काढली तर हा समोर धरायचा. सुंदराबाईंचा नंबर नऊ. पुढे शेड बंद पडली, त्या आनंदनगरच्या एका कंपनीत मशीनवर गेल्या, तिथून निवृत्तही झाल्या. पण सवय काही सुटली नाही. रॉकेटंही त्या जोडीनेच करत. एक उडवायचं, एक आढ्याला.

रॉकेटचं वेड लावलं चिंतामणी साहेबांनी. हे साहेब सरकारी कारखान्यात अधिकारी होते आणि सुदामराव त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं स्टोअरला. दोघेही निवृत्त झाले. साहेब बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला नव्या सोसायटीत राहायला गेले. त्यांचा मुलगा अनीश अमेरिकेत. त्याने वडिलांना विरंगुळा म्हणून हौशी रॉकेटांचं एक जाड पुस्तक पाठवलं. कागदाची नळी, हलक्या लाकडाचं नाक, मागे तीन पंख, पोटात छत्री. दारू पेटली की वर जायचं आणि छत्री उघडून अलगद खाली यायचं. साहेबांना ते फार भावलं, पण त्यांच्या हातची नळी काही सरळ होईना. एकदा बाजारात सुदामराव भेटले. ते सहज बोलून गेले की आमची मंडळी आयुष्यभर नळ्याच करत आली.

दुसऱ्या दिवशी साहेब पुस्तक घेऊन चाळीत हजर.

खरं सांगायचं तर साहेब शिकवायला चांगले होते. सुंदराबाईंची शाळा चौथीत सुटलेली. पण साहेबांनी जमिनीवर खडूने चित्रं काढली, वजन कुठे असतं, वारा कुठे रेटतो, हे समजावलं. आजवर सगळे त्यांना नुसतं कर म्हणत आले होते. का, हे सांगणारा माणूस साठीजवळ आल्यावर पहिल्यांदा भेटला. साहेबांनी दोरीची परीक्षा दाखवली. रॉकेट बोटावर तोलायचं, तोल जिथे राहील तिथे पेन्सिलीची खूण करून दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं, तर आभाळातही सरळ जाणार. मग त्यांनी शेपटीला एक सुपारी दोऱ्याने बांधली आणि पुन्हा फिरवलं. रॉकेट भेलकांडलं, उलटं झालं, शेपूट पुढे करून धावायला लागलं.

"एक सुपारी, सुंदराबाई," साहेब म्हणाले होते. "फक्त एक सुपारी. मागे वजन गेलं की संपलं."

त्या दिवशी सुंदराबाई रात्रीच्या भाकऱ्या करतानासुद्धा हसत होत्या.

तेव्हापासून तीन वर्षं झाली होती. नळी, रंग, घासकाम सगळं सुंदराबाईंचं; आकडेमोड आणि पेटवणं साहेबांचं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका लेथवाल्याला "साईं, ये नाक थोडा और पतला" असं म्हणत त्या तास तास उभ्या राहत. पंख पांगाऱ्याच्या लाकडाचे. छत्री स्वतःच्या जुन्या नायलॉनच्या साडीची. दारूकामाला दिवाळीच्या मोठ्या बाणाचं नळकांडं. सोनिवलीच्या माळावर सात रॉकेटं उडाली, सातही सरळ. खाली आलेलं रॉकेट हातात घेऊन साहेब लहान मुलासारखे नाचायचे. नंतर त्यांच्या घरी चहा. साहेबांच्या पत्नी नीलिमाताई फार प्रेमाने वागवत. प्रत्येक वेळी दार उघडताना म्हणत, "या हो बिनधास्त आत, आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत." तीन वर्षं, दर खेपेला. सुंदराबाईंना वाटे, पाळत नाहीत तर एवढं लक्षात तरी कसं राहतं? पण चहा चांगला असायचा, आणि सुंदराबाई तो पिऊन घरी येत.

आठवं रॉकेट सगळ्यांत मोठं, उभं केलं तर सुंदराबाईंच्या छातीला लागणारं. तिरक्या पट्ट्यांच्या सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, अस्तराचे तीन हात देऊन, मग पांढरा. पांढऱ्यात काही लपत नाही म्हणून त्यांनी पांढराच घेतला होता. असं रॉकेट पुन्हा आपल्याकडून होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. उजव्या हाताच्या बोटांना आताशा मुंग्या येत. ते एकदा सरळ वर जावं, पिवळी छत्री उघडून सरळ खाली यावं, आणि आपण ते उचलून त्याच्यावरून हात फिरवावा. बास. त्यापुढचं काही त्यांनी मनात आणलं नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीला, शशिकांतला, याची कुणकुण लागली. तरणा, उत्साही माणूस, बँकेत नोकरीला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माळावर रॉकेटचा जाहीर कार्यक्रम करू, असं त्याने ठरवलं. पाहुणे बोलावले, खुर्च्या सांगितल्या, बॅनर छापला. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो, शशिकांतचा फोटो आणि खाली 'रॉकेटचे शिल्पकार' म्हणून साहेबांचं नाव.

सुदामरावांनी माळावर पाय ठेवताच बॅनर वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

"तुझं नाव कुठं दिसंना."

"नळीच्या आत आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "नऊ नंबर."

त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष सळईवर उभ्या केलेल्या रॉकेटकडे होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते असं उभं होतं, की चहाचे ग्लास वाटणारा पोऱ्यासुद्धा क्षणभर थबकला. सुंदराबाईंनी जवळ जाऊन रुमालाने त्याच्यावरचा एक धुळीचा कण टिपला.

मग नीलिमाताई आरतीचं ताट घेऊन आल्या.

पूजा होणार, हे सुंदराबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यात त्यांना वावगंही वाटलं नाही. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, दुसरं काही नाही. आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. पण शेडमध्ये सेठ दसऱ्याला कागद कापायच्या मशीनची पूजा करायचा तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून पेढा खायच्या. ज्याचं त्याला.

नीलिमाताईंनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पांढऱ्या नळीवर स्वस्तिक काढलं. कुंकू पाणचट होतं. स्वस्तिकाच्या पायांतून चार ओघळ निघाले आणि बाराव्या हातावरून खाली उतरत गेले. सुंदराबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. रंग पुसता येतो, त्यांनी स्वतःला समजावलं. शशिकांतने दगडावर नारळ फोडला आणि त्याच्या एका भकलातलं पाणी नाकाच्या टोकावरून ओतलं. ते चिकट पाणी नाक आणि नळी यांच्या सांध्यात शिरलं, जिथे त्यांनी दोन दिवस बोटाने मेण घासलं होतं. मग पिशवीतून झेंडूचा हार निघाला. मनगटाएवढा जाड, पाणी मारून ताजा ठेवलेला. शशिकांतने तो रॉकेटच्या गळ्यात घातला आणि हात सोडला.

हार गळ्यात राहिलाच नाही. बारा हातांचं घासलेलं अंग. त्यावरून तो सुळकन खाली आला आणि शेपटीच्या पंखांवर जाऊन बसला. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुंदराबाई पुढे झाल्या. त्या कार्यक्रमात काहीच बोलायचं नाही, असं ठरवून आल्या होत्या. "पूजा झाली ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता हार तेवढा काढून घ्या. वजन मागे गेलंय. सरळ जायचं नाही."

"मावशी, घातलेला हार काढतात का कधी?" शशिकांत हसला. "शुभ काम आहे. अपशकुन होईल."

"आमचा सेठपण दसऱ्याला मशीनला हार घालायचा. पण मशीन चालू करायच्या आधी काढून ठेवायचा. पट्ट्यात जातो."

शशिकांतने मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं. पाहुणे बघत होते. त्याच्या आवाजात एकदम समजूतदारपणा आला, आणि तो समजूतदारपणा सुंदराबाईंना आवाज चढवण्यापेक्षा जास्त झोंबला.

"मावशी, तुमच्यात पूजा चालत नाही, माहितीये आम्हाला. आम्ही रिस्पेक्टच करतो. पण मग तुम्हीपण आमच्या भावनांचा रिस्पेक्ट करा ना थोडा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी शेजारणीच्या कानाशी लागलं. सुंदराबाईंना आधी कळलंच नाही. त्या वजनाचं बोलत होत्या. मग कळलं, आणि कानशिलं तापली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या देवाला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब वायरचं बटण हातात घेऊन चार पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"साहेब, तुम्ही सांगा यांना."

चिंतामणी साहेबांनी रॉकेटकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, हे सुंदराबाईंना दिसलं. आकडेमोड करताना त्यांच्या ओठांची जी हालचाल व्हायची, ती झाली. मग त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, आणि शेवटी आपल्या बुटांकडे.

"राहू द्या हो, सुंदराबाई," ते म्हणाले. "चार फुलांनी काय होतंय."

सुपारीचं वजन सांगणारा हाच माणूस. सुंदराबाई मागे सरल्या आणि दोरीपलीकडे जाऊन सुदामरावांच्या शेजारी उभ्या राहिल्या. तोंडाला एवढी कडू चव त्यांना त्या परत आलेल्या टेम्पोच्या दिवशीसुद्धा आली नव्हती. तो भाचा निदान अडाणी होता.

पाहुण्यांनी बटण दाबलं. फुस्स झालं, धूर झाला, रॉकेट सळईवरून सुटलं. माडाच्या उंचीइतकं गेलं असेल नसेल, मागून कुणी नाव घेऊन हाक मारावी तसं ते वळलं. हार सुटून फुलं उधळली. आडवं होऊन ते खुर्च्यांच्या डोक्यावरून सुसाटत गेलं. पाहुणे खुर्चीसकट मागे कलंडले, बायका ताटाआड बसल्या, आणि माळाच्या कडेला नव्या इमारतींचं सांडपाणी वाहून नेणारा जो नाला होता, त्याच्या काळ्या पाण्यात ते नाकावर जाऊन रुतलं. क्षणभराने आतून फट आवाज आला आणि पिवळी छत्री नाल्याच्या पाण्यावर पसरली.

कुणाला लागलं नव्हतं. तरी पाहुणे लगेच गाडीत बसले. मग बोलणं सुरू झालं. सुरुवातीलाच नाट लागलं, असं एक जण म्हणाला. शशिकांत पँट झटकत होता. तो कुणाचंही नाव न घेता म्हणाला, की शुभ कामाच्या तोंडावर नकार बोलू नये, हे आमच्या घरी लहान मुलालापण कळतं. नीलिमाताईंनी त्याला दटावलं, असू दे रे, त्यांना काय माहीत आपल्या पद्धती. हे त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या.

साहेब नाल्याच्या काठाशी उभे होते. सुंदराबाई आणि सुदामराव तिथे गेले. साहेब काहीतरी बोलतील, असं सुंदराबाईंना अजून वाटत होतं. बाकीचे गेल्यावर बोलतील. निदान इथे, आमच्यापुरतं.

"दारूकाम पूर्ण जळलंय, पण नळी शाबूत असेल," साहेब म्हणाले. "पाणी फार मुरायच्या आत काढायला हवी. सुंदराबाई, तुम्ही उतरता का जरा? तुम्हाला सवय आहे. मी आज हे बूट घातलेत."

नाल्यावर माशा घोंघावत होत्या. बुडबुडे येत होते. सुंदराबाईंनी आयुष्यात यापेक्षा वाईट पाण्यात हात घातले होते. त्या साहेबांच्या बुटांकडे बघत राहिल्या. काळे, चकचकीत, पण टाचेच्या शिवणीत पॉलिश सुकून पांढरं पडलेलं. वरवर ब्रश मारला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला.

शेजारी सुदामराव खाली वाकले होते. साहेब बोलले की हात आपोआप कामाला लागायची बावीस वर्षांची सवय. त्यांनी पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलाही होता.

"पँट खाली करा," सुंदराबाई म्हणाल्या.

"अगं, तुझी छत्री..."

"खाली करा. घरी जायचंय."

सुदामरावांनी साहेबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पँट खाली केली. दोघं माळ ओलांडून निघाली. रिक्षास्टँडवर सुंदराबाईंनी नळाखाली हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं. तरी दोनदा धुतले.

आठ दिवसांनी साहेब चाळीत आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. नेहमीच्या खुर्चीवर बसले. सुंदराबाईंनी चहा ठेवला. साहेबांची नजर आढ्याकडे गेली. तिथे नमुन्यांच्या रांगेत आठव्या रॉकेटचा जोडीदार टांगलेला होता. तेवढंच मोठं, तेच बारा हात, तसंच पांढरं.

साहेब बराच वेळ इकडचंतिकडचं बोलले. मग म्हणाले की पाहुण्यांची समजूत काढली आहे, महाराष्ट्रदिनाला पुन्हा कार्यक्रम करायचं घाटतंय, आणि जोडीदार तयारच आहे तर प्रश्न नाही.

"पूजा होईल?" सुंदराबाईंनी विचारलं.

"ती होणारच. पण हार या वेळी छोटा आणायला सांगतो मी." साहेब ओशाळं हसले. "त्या दिवशी जरा... कार्यक्रम होता. शशिकांतला तोंडावर काय बोलणार? सोसायटीत राहायचंय. वजनाचं मला काय माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं म्हणूनच म्हणते."

चहा उकळून वर आला. त्यांनी गॅस बारीक केला आणि उभ्याउभ्याच, साहेबांकडे न बघता, हळू पण स्वच्छ शब्दांत सांगितलं की रॉकेट न्या. दोन्ही हातांनी देते. मला बॅनर नको, काही नको. फक्त त्याच माळावर, त्याच माणसांसमोर एक वाक्य बोला. बाईने सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. एवढंच.

साहेब पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळू लागले. सुदामरावांनी पेपर डोळ्यांपुढे धरला होता, पण पान उलटत नव्हते.

"आता ते उकरून काय मिळणार, सुंदराबाई," साहेब शेवटी म्हणाले. "लोक विसरलेसुद्धा. त्यापेक्षा असं करू, या वेळी बॅनरवर तुमचं नाव घालू. फोटोसकट. मी सांगतो शशिकांतला."

फोटोसकट. सुंदराबाईंच्या डोळ्यांपुढे तो बॅनर आला, त्यावर आपलं तोंड, आणि आत तीच आंबलेली खळ. आंबलेल्यात ताजी मिसळलेली. त्यांनी चहा गाळला, साहेबांच्या हातात दिला.

"नमुना शेडच्या बाहेर जात नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी अर्धा चहा घेतला आणि उठले. उंबऱ्यात चप्पल घालताना ते किंचित थांबले. सुंदराबाईंना वाटलं, आता. पण ते पायाला पट्टा नीट बसत नाही म्हणून थांबले होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या त्यांना नळापर्यंत सोडायला गेल्या नाहीत. पुडा स्टुलावर तसाच राहिला. संध्याकाळी सुदामरावांनी त्यातला एक पेढा तोंडात टाकला आणि बायकोने पाहिलं तेव्हा म्हणाले, पेढ्यानं काय केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आवरून झाल्यावर सुंदराबाईंनी स्टूल ओढलं आणि आढ्यावरचं पांढरं रॉकेट खाली काढलं. रुमालाने पुसलं. उजेडात तिरकं धरून बोट फिरवलं. काही नव्हतं. जुन्या, जळून गेलेल्या एका बाणाच्या नळकांड्यात त्यांनी वाळू भरली, ते दारूच्या जागी मागे बसवलं, रॉकेट बोटावर तोललं. पेन्सिलीची खूण जिथे होती तिथेच तोल राहिला. त्यांनी दोरी बांधली आणि ते घेऊन चाळीच्या पुढच्या मोकळ्या जागेत आल्या.

पहिला फेरा जड गेला. दुसऱ्याला दोरी ताणली. तिसऱ्याला रॉकेटने वारा पकडला आणि ते त्यांच्या डोक्याभोवती फिरू लागलं. नाक पुढे, शेपूट मागे, जराही न हलता. नळावर हंडा भरणारी शेजारची अस्मिता खाली वाकली आणि तशीच वाकून बघत राहिली. बोटांना मुंग्या आल्या, खांदा भरून आला, पदर सुटला, तरी सुंदराबाई थांबल्या नाहीत. उन्हात तो पांढरा रंग दर फेऱ्याला एकदा लखलखायचा.

दारात बसलेल्या सुदामरावांनी आपली खुर्ची हातभर आत ओढून घेतली, पेपरची घडी घातली, आणि बघत बसले.